पाळीव उंदराची गोष्ट : शौकिनांच्या पिंजऱ्यापासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत

"डॉक्टर, मुलगी पांढरा उंदीर पाळायचा हट्ट धरून बसली आहे. घरात रोगराई तर येणार नाही ना?"

लहान मुलांचे पालक हा प्रश्न अधूनमधून विचारतात. विचारताना चेहऱ्यावर थोडी किळस असते आणि थोडी भीतीही. आपल्याकडे उंदीर म्हटलं की प्लेग आठवतो, लेप्टो आठवतो, कुरतडलेली धान्याची पोती आठवतात. म्हणून आधी थोडक्यात उत्तर देतो. जातिवंत, पिंजऱ्यातच जन्मलेला, निरोगी उंदीर नीट काळजी घेऊन पाळता येतो. मात्र घरात कुणी गरोदर असेल, कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा कुणाला दमा असेल, तर आधी विचार करायला हवा.

हे उत्तर असं का आहे, ते समजून घ्यायचं तर पाळीव उंदराचा इतिहास पाहावा लागतो. वैद्यकशास्त्राचं या छोट्या प्राण्यावर केवढं ऋण आहे तेही त्यातून कळतं. हे ऋण प्रयोगशाळेत सुरू झालं नाही. हौस म्हणून उंदीर पाळणाऱ्या आणि त्यांच्याकडे रोज नीट बघणाऱ्या माणसांपासून ते सुरू झालं.

आधी उंदीर म्हणजे कोणता?

मराठीत आपण बऱ्याच प्राण्यांना सरसकट उंदीर म्हणतो. घरातला पिटुकला उंदीर, म्हणजे माऊस, साधारण २० ते ४० ग्रॅम वजनाचा असतो. गटारात आणि गोदामात दिसणारा मोठा उंदीर म्हणजे रॅट. त्याचं वजन पाव किलो किंवा त्याहून जास्त भरतं. घूस त्याहूनही दांडगी. चिचुंद्री तर उंदराच्या कुळातलीच नाही, ती किडे खाणाऱ्या वेगळ्या गटातली. हा लेख मुख्यतः पहिल्या, पिटुकल्या उंदराबद्दल आहे.

हा उंदीर माणसाच्या घरी आला तो शेतीच्याही आधी. आजच्या इस्रायल आणि जॉर्डनच्या परिसरात सुमारे १५,००० वर्षांपूर्वी माणसं एका जागी जास्त काळ मुक्काम करू लागली. त्या वस्त्यांच्या अवशेषांत घरगुती उंदराचे दात सापडले आहेत. माणसानं दाणे साठवले आणि उंदीर मागोमाग आला. संस्कृतातला मूष, लॅटिनमधला मुस आणि इंग्रजीतला माऊस हे शब्द एकाच कुळातले आहेत. इतकी ही ओळख जुनी.

भीती कुठून आली?

आपल्या मनातली भीती निराधार नाही. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ब्युबॉनिक प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही वर्षांत या साथीनं मुंबई, पुणे आणि गावोगावची घरं रिकामी केली. मेलेले उंदीर दिसले की माणसं घर सोडून माळावर राहायला जात. ही आठवण आजी-आजोबांच्या बोलण्यातून अनेक घरांत पोहोचली आहे.

पण रोग उंदरातून माणसात येतो कसा? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की मधला दुवा पिसू आहे. सुरुवातीला त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे प्लेग कमिशननं मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत हे काम पुन्हा बारकाईनं केलं. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगना प्लेग झाला. पिसू उडी मारून पोहोचणार नाही इतक्या उंचावर ठेवलेले गिनीपिग मात्र वाचले.

या प्रयोगातून आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. प्लेग पसरायला एक पूर्ण साखळी लागते : बाहेर भटकणारा उंदीर (प्लेगमध्ये मुख्यतः मोठा, म्हणजे रॅट), त्याच्या अंगावरची पिसू आणि त्याला आसरा देणारी अडगळ. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, बाहेरच्या उंदराशी कधी संबंध न आलेला प्राणी या साखळीत नसतो. त्याच्या पिंजऱ्यात बाहेरचा उंदीर शिरू लागला, तर मात्र तोही साखळीत येतो. पुढे काळजीचे नियम सांगताना हा मुद्दा पुन्हा येईल.

जपानी शौकीन आणि नाचरे उंदीर

उंदीर हौसेनं पाळण्याची परंपरा विशेष बहरली ती जपानमध्ये. तिथे दाइकोकु नावाचा समृद्धीचा देव आहे. तो आपल्या महाकालावरूनच बौद्ध धर्माबरोबर प्रवास करत तिकडे गेला. उंदीर हा त्याचा दूत आणि पांढरा उंदीर तर विशेष शुभ. गणपतीच्या पायाशी मूषक पाहणाऱ्या आपल्याला हे काही नवल वाटणार नाही.

अठराव्या शतकात ओसाका आणि क्योटोमधल्या व्यापारी मंडळींत रंगीत, ठिपकेदार, पांढरे उंदीर पाळण्याची टूम निघाली. उंदीर कसे पाळावेत हे सांगणारी छोटी पुस्तकंही छापली गेली. एक १७७५ मध्ये ओसाकात आणि दुसरं १७८७ मध्ये क्योटोत. विशिष्ट रंगाची पिल्लं हवी असतील तर कोणत्या जोड्या लावाव्यात, हेही दुसऱ्या पुस्तकात सांगितलं होतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा जन्म १८२२ चा. त्याच्या कितीतरी आधी ही माणसं पिल्लांचे रंग पाहून आई-बापांच्या जोड्या ठरवत होती.

त्यांच्याकडे एक चमत्कारिक जातही होती, नाचरे उंदीर. हे उंदीर एकाच जागी गरागरा गोल फिरत. बघणाऱ्यांना मजा वाटे आणि पुढे युरोप-अमेरिकेतही त्यांना मागणी आली. पण तो नाच नव्हता. आपल्या अंतर्कर्णात ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा असे दोन्ही भाग शेजारी शेजारी असतात. या उंदरांच्या अंतर्कर्णातच जन्मजात दोष होता, त्यामुळे ते बहिरे होते आणि त्यांचा तोल जाई. वॉल्ट्झर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा उंदरांतल्या सदोष जनुकाचा शोध २००१ मध्ये लागला. हेच जनुक माणसात बिघडलं तर अशर सिंड्रोमचा एक प्रकार होतो. त्यात मूल जन्मतः बहिरं असतं आणि पुढे त्याची नजरही जाऊ लागते. बाजारात करमणूक म्हणून विकल्या गेलेल्या प्राण्यामुळे बहिऱ्या मुलांच्या आजाराचं मूळ समजायला मदत झाली.

यातून घरासाठीही एक धडा आहे. दुकानात एखादा उंदीर सारखा गोल फिरताना किंवा मान वाकडी करून चालताना दिसला, तर तो "खेळकर" समजून घेऊ नका. त्याच्या कानात दोष किंवा संसर्ग असण्याची शक्यता आहे.

इंग्लंडमधली प्रदर्शनं, फ्रान्समधला हिशेब

एकोणिसाव्या शतकात हे रंगीत उंदीर युरोपात पोहोचले. इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये नॅशनल माऊस क्लब स्थापन झाला. वॉल्टर मॅक्सी हे त्यातलं प्रमुख नाव. कुत्र्या-मांजरांसारखी उंदरांचीही प्रदर्शनं भरू लागली. कान मोठे हवेत, शेपटी लांब हवी, रंग सगळीकडे सारखा हवा, अशा निकषांवर बक्षिसं दिली जात. हा क्लब आजही चालू आहे. मुलांच्या पुस्तकांमुळे प्रसिद्ध झालेल्या बिएट्रिक्स पॉटर यांनीही उंदीर पाळले होते आणि त्यांच्यावरून गोष्टीतली पात्रं रंगवली होती.

या छंदाचा वैद्यकाला पहिला मोठा उपयोग झाला तो फ्रान्समध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंडेलचे नियम नव्यानं उजेडात आले होते. पण ते वाटाण्याच्या रोपांवरचे होते. प्राण्यांनाही ते लागू पडतात का? नान्सी शहरातल्या ल्युसियाँ क्युएनो यानं १९०२ मध्ये साध्या राखाडी आणि पांढऱ्या उंदरांच्या जोड्या लावून दाखवलं की सस्तन प्राण्यांतही हेच नियम चालतात.

क्युएनोला पिवळ्या उंदरांचं मात्र कोडं पडलं. पिवळ्या-पिवळ्या जोडीला कितीही पिल्लं झाली, तरी हिशेबानं अपेक्षित असलेली एक चौथाई पिल्लं कायम कमी पडत. १९१० मध्ये अमेरिकेतल्या कॅसल आणि लिटल यांनी उलगडा केला. दोन्हीकडून पिवळ्या रंगाचं जनुक मिळालेले गर्भ जन्माआधीच मरत होते. जे पिवळे उंदीर जगत, ते वाढत्या वयात लठ्ठ होत आणि त्यांच्या रक्तातली साखर वाढे. भुकेवर आणि वजनावर जनुकांचा ताबा असतो, हे समजायला पुढे याच पिवळ्या उंदरांचा मोठा उपयोग झाला. लठ्ठपणा म्हणजे नुसता आळस किंवा खादाडपणा नव्हे, असं आम्ही डॉक्टर आज रुग्णांना सांगतो. त्यामागे अशा उंदरांवरचं जवळपास शंभर वर्षांचं काम आहे.

ॲबी लॅथ्रॉप : उंदीर विकणारी निवृत्त शिक्षिका

या इतिहासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी व्यक्ती डॉक्टरही नव्हती आणि शास्त्रज्ञही नव्हती. ॲबी लॅथ्रॉप यांचा जन्म १८६८ चा. त्या शाळेत शिकवत. तब्येतीमुळे त्यांनी ते काम सोडलं आणि १९०० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅन्बी या गावी त्या राहायला गेल्या. तिथे कोंबडीपालन करून पाहिलं, ते चाललं नाही. मग पाळीव प्राणी म्हणून विकण्यासाठी त्यांनी नाचऱ्या उंदरांची एक जोडी आणली. त्या जोडीपासून धंदा वाढत गेला आणि एके काळी त्यांच्याकडे दहा हजारांहून जास्त उंदीर होते. त्यांना ओट्स आणि क्रॅकर बिस्किटं खायला घालत. पिंजरे साफ करायला गावातल्या मुलांना तासाला ७ सेंट देत.

लवकरच घरगुती गिऱ्हाइकांपेक्षा प्रयोगशाळांची मागणी वाढली. हार्वर्ड विद्यापीठातल्या विल्यम कॅसल यांनी त्यांच्याकडून उंदीर घेतले. लॅथ्रॉप यांची खरी कमाई मात्र वह्यांमध्ये होती. कोणता उंदीर कोणाचा, कधी जन्मला, कशानं मेला, याची त्या नोंद ठेवत.

१९०८ च्या सुमारास त्यांना काही उंदरांच्या अंगावर विचित्र गाठी दिसल्या. "उंदीरच तो, मेला तर मेला" असं म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले रोगतज्ज्ञ लिओ लोब यांनी तपासून कळवलं की हा कर्करोग आहे. मग दोघांनी मिळून काम सुरू केलं. १९१३ ते १९१९ या काळात त्यांचे दहा शोधनिबंध प्रसिद्ध झाले, त्यांवर शिक्षिकेचं नाव शास्त्रज्ञाच्या बरोबरीनं होतं.

त्यांना दोन मोठ्या गोष्टी दिसल्या. एक, काही घराण्यांतल्या माद्यांना स्तनाच्या गाठी फार होत आणि काही घराण्यांत क्वचित, म्हणजे या रोगात आनुवंशिकतेचा भाग आहे. दुसरी, मादीची अंडाशयं लहान वयातच काढली तर गाठींचं प्रमाण खूप घटे, म्हणजे अंडाशयातल्या स्रावांचा, हार्मोन्सचा, या रोगाशी संबंध आहे. "आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग होता का?" हा प्रश्न आज प्रत्येक डॉक्टर विचारतो. काही रुग्णांना हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच-पाच वर्षं दिल्या जातात. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी असलेल्या ज्ञानात ग्रॅन्बीच्या त्या वह्यांचा वाटा आहे.

लॅथ्रॉप १९१८ मध्ये पर्निशियस ॲनिमियानं वारल्या. या आजारात शरीराला अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व शोषता येत नाही. तेव्हा त्यावर उपाय नव्हता. यकृत खायला दिल्यास हे रुग्ण सुधारतात, हे मायनॉट आणि मर्फी यांनी त्याच राज्यातल्या बोस्टनमध्ये १९२६ मध्ये दाखवलं. आज बी-१२ ची स्वस्त इंजेक्शनं कुठल्याही दवाखान्यात मिळतात. आठ वर्षांचा उशीर झाला.

त्यांचे उंदीर मात्र पुढे चालत राहिले. १९२१ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी लॅथ्रॉप यांच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून सी-५७ ब्लॅक ही जात तयार केली. १९२९ मध्ये त्यांनी जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. २००२ मध्ये उंदराचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच जातीचा. त्यात दिसलं की उंदराच्या जवळजवळ ९९ टक्के जनुकांना माणसात जोडीदार जनुक आहे.

दुधाचं कोडं आणि परळच्या कमलताई

याच जॅक्सन प्रयोगशाळेत १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी एक प्रयोग केला. ज्या घराण्यात स्तनाचा कर्करोग फार, तिथली नवजात पिल्लं त्यांनी निरोगी घराण्यातल्या दाईला पाजायला दिली. त्या पिल्लांत मोठेपणी कर्करोगाचं प्रमाण कमी झालं. म्हणजे उंदरांत दोष नुसता रक्तातून नाही, दुधातूनही जात होता. पुढे तो दुधातला घटक म्हणजे एक विषाणू असल्याचं कळलं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हे उंदरांबद्दल आहे. माणसात आईच्या दुधातून बाळाला कर्करोग होत नाही. उलट स्तनपानामुळे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमी होतो. तेव्हा हे वाचून कुणीही बाळाला पाजणं थांबवू नये.

या संशोधनाचा धागा आपल्या मुंबईतही येतो. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्याचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, शाळा हुजूरपागा. परळमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत मुंबईत आल्या. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या जातींवर तपासलं. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ग्रॅन्बीच्या शिक्षिकेनं नोंदवलेला प्रश्न परळमधल्या एका मराठी बाईनं पुढे नेला.

आणखी एकच उदाहरण देतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले गेले. चौघांना पेनिसिलिन दिलं, ते जगले. उरलेले चार रात्रीतच मेले. आपल्यापैकी कितीतरी जण आज अँटिबायोटिकमुळे जिवंत आहेत. त्या मेलेल्या चार उंदरांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पाळायचाच असेल तर निवड कशी करावी?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. वर सांगितलेल्या इतिहासातूनच निवडीचे नियम निघतात.

१. घरात सापडलेला किंवा रस्त्यावरचा उंदीर पाळू नका. पिल्लू कितीही गोजिरं असलं तरी नाही. पाळीव आणि भटका यांत फरक रंगाचा नाही, पिढ्यांचा आणि संसर्गाचा आहे.

२. पाळणाऱ्याकडे जाऊन जागा पाहा. पिंजरे कोरडे आहेत का, नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या आहेत का, वय विचारल्यावर नेमकं उत्तर मिळतं का? जो नोंदी ठेवतो त्याच्याकडून घ्या.

३. डोळे चमकदार आणि पूर्ण उघडे, नाक कोरडं, केस गुळगुळीत, मागची बाजू स्वच्छ असावी. कुबड काढून बसलेला, केस पिंजारलेला किंवा श्वास घेताना टिकटिक आवाज करणारा उंदीर घेऊ नका. असा एक जरी पिंजऱ्यात असेल तरी त्याच्या शेजारचाही नको.

४. उंदीर एकटा राहणारा प्राणी नाही. दोन-तीन बहिणी एकत्र ठेवणं सगळ्यात सोपं. नर एकमेकांशी रक्त निघेपर्यंत भांडतात आणि त्यांच्या लघवीचा वासही उग्र असतो.

५. नर-मादी चुकूनही एकत्र नको. साधारण सहा आठवड्यांची मादी, कधी त्याही आधी, गाभण राहू शकते. १९ ते २१ दिवसांत पिल्लं होतात आणि पिल्लं होताच ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. लॅथ्रॉप यांचा धंदा एका जोडीपासून सुरू झाला होता, हे विसरू नका.

रोजची काळजी

पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासच हवं. डोकं गेलं की अख्खा उंदीर बाहेर. हीच खबरदारी उलट बाजूनंही लागू आहे, बाहेरचा उंदीर आत शिरता कामा नये. पिंजरा जमिनीवर किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. भिंतीलगत घट्ट बसवलेल्या उंच फळीवर ठेवा आणि खाली सांडलेले दाणे रोज झाडून घ्या.

तळाला कागदाचे कपटे किंवा कागदापासून केलेला भुसा घाला. पाइन आणि देवदाराच्या लाकडाचा वासाचा भुसा टाळा, त्यातल्या तेलकट वाफांनी त्यांच्या श्वासमार्गाला त्रास होतो. घरटं करायला टिश्यू पेपर भरपूर द्या. उंदीर फार छोटा असल्यामुळे त्याची ऊब चटकन निघून जाते आणि घरटं हेच त्याचं पांघरूण असतं. उलट आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात उकाड्यानं तो मरूही शकतो. पिंजरा उन्हात, पत्र्याखाली किंवा गच्चीलगतच्या खोलीत नको. एसीचा थेट झोतही नको.

खायला उंदरांसाठीच्या तयार गोळ्या, सोबत थोडे ओट्स, बाजरी, भाजीचा तुकडा. दिवसाला एका उंदराला तीन ते पाच ग्रॅम पुरतं. चॉकलेट, फरसाण, गोड पदार्थ देऊ नका. पाणी रोज बदला. ओला भाग दर एक-दोन दिवसांनी काढा आणि आठवड्यातून एकदा पिंजरा पुसून घ्या. लघवीतून अमोनिया वायू तयार होतो. पिंजऱ्याजवळ नाक नेल्यावर तुम्हाला झणका आला, तर आत राहणाऱ्याची काय अवस्था असेल!

शेपटीला धरून उचलायची जुनी पद्धत सोडून द्या. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की शेपटीनं उचललेले उंदीर माणसाला घाबरून राहतात. ओंजळीत किंवा पुठ्ठ्याच्या नळीतून उचललेले उंदीर आपणहून जवळ येतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

घरच्यांची तब्येत

गरोदर स्त्रीनं उंदीर, हॅम्स्टर हाताळू नयेत आणि त्यांचा पिंजरा साफ करू नये. एलसीएम नावाचा एक विषाणू घरगुती उंदरांमध्ये आढळतो. निरोगी माणसाला त्यातून बहुधा तापाइतकाच त्रास होतो, पण गर्भात गेला तर गर्भपात किंवा बाळाच्या मेंदूत पाणी साचण्याचा धोका असतो. पाळीव उंदराला तो मुख्यतः भटक्या उंदराकडून मिळतो. अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांनीही दूर राहावं.

उंदराच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी होते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. आणल्यावर कुणाला शिंका, डोळ्यांची खाज किंवा धाप सुरू झाली, तर पिंजरा झोपायच्या खोलीतून लगेच हलवा आणि तपासून घ्या.

चावल्यास जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षं झाली तेही पाहावं लागतं. घरातल्या पाळीव उंदराच्या चाव्यानंतर रेबीजची लस सहसा लागत नाही, पण तो निर्णय स्वतः घेऊ नका. चावल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर "उंदीर चावला होता" हे आवर्जून सांगा. ही माहिती मिळाली नाही तर निदान हुकतं. पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणानं हात धुणं आणि उंदराला तोंडाजवळ न नेणं, हे मुलांसाठी दोन पक्के नियम.

गाठ दिसली तर

पाळीव उंदीर जेमतेम दीड ते अडीच वर्षं जगतो. हे मुलांना आधीच सांगा. उतारवयात माद्यांच्या अंगावर, काखेत किंवा पोटाच्या कडेला गाठ येणं अजिबात दुर्मीळ नाही. त्या गाठीपासून माणसाला काही होत नाही. पण उंदराला पशुवैद्याकडे न्या, कारण त्यालाही वेदना होतात.

मुलं रोज पाच मिनिटं आपल्या उंदराकडे बघून वहीत लिहू शकतात : आज खाल्लं का, वजन किती, अंग कसं आहे. लॅथ्रॉप यांनी यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. आणि घरातल्या मोठ्या बायकांना एक विनंती. स्वतःच्या स्तनात गाठ, त्वचेला खळगा किंवा बोंडातून रक्तमिश्रित स्राव दिसला, तर "दुखत नाही म्हणजे काही नसेल" असं म्हणून थांबू नका. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाहीच. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या तब्येतीविषयीचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी आणि प्राण्याविषयीचा निर्णय पशुवैद्याशी बोलूनच घ्यावा.)